उजवा गाल

४ डिसेंबर

दात घासले नाहीत. तोंडही धुतलं नाही. खिडकीतून जरा वारा आला आणि उजव्या गालात करंट बसला — ओठापासून थेट कानापर्यंत! भिंतीला धरून उभी राहिले.

हिम्मतराव इडली घेऊन आले. समोरच्या घरातले, त्यांची बायको गेली, माझे हे गेले, दोन्ही घरं तशी रिकामीच. बोललं की कळ येते, म्हणून मी हातानेच नको म्हटलं. 'तुम्ही बोलू नका जयवंताबाई. दोघांचं मी बोलतो.' आणि खरंच बोलत बसले — आमच्या बरकतपुऱ्याच्या बाजारात वांगी कशी महागली यावर! इडली ताकात कुस्करून दिली. डाव्या बाजूने कशीबशी गिळली.

७ डिसेंबर

चांगली दाढ उगाच काढली म्हणायची! न्यूरोसर्जन म्हणाले, दाढेचा दोष नाही, चेहऱ्याची नस आहे. गोळ्यांनी आता भागत नाही, नुसती गुंगी. परवा बाथरूममध्ये तोल गेला. म्हणून सुई. डोकं उघडायचं नाही. ओठाच्या कडेजवळून लांब सुई आत न्यायची आणि नसेला चटका द्यायचा. गाल बधिर होईल. दुखणं काही वर्षांनी परतूही शकतं.

पुण्याहून लेक फोनवर रडली. 'आई, काही भलतंच झालं तर?' हिम्मतरावांनी फोन घेतला. 'प्रणिता बेटा, डॉक्टरला मी सगळं विचारलंय. तू ये फक्त.'

९ डिसेंबर

भीती वाटते. कुणाला सांगितलं नाही.

१२ डिसेंबर

झालं! आधी झोपवलं, मग मध्येच जागं केलं. 'अम्मा, इक्कडा?' — मुंग्या इथेच येतात का, डॉक्टर तेलुगूत विचारत होते. 'हौ, गालातच,' म्हटलं. पुन्हा झोप.

उठले तर गालावर एवढीशी पट्टी. प्रणिताने भीत भीत बोट लावलं. कळ नाही! पंखा लावायला सांगितला. वारा आला, गेला. आम्ही दोघी रडलो. हिम्मतराव दारातच उभे. 'खरंच? काहीच नाही?' एवढंच विचारत राहिले.

१७ डिसेंबर

गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. चहा ओघळला तरी कळत नाही. हिम्मतराव रुमाल पुढे करतात. चावताना जबडा अवघडतो. पण बोलते! आज सकाळभर मीच बोलले आणि तेच गप्प. 'बरं नाही का?' विचारलं. 'बरं आहे,' म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. माझं काही चुकलं का?

प्रणिता पुण्याला परत गेली. घर सुनं झालं.

२० डिसेंबर

हिम्मतरावांनी लग्नाचं विचारलं. या वयात! 'मनात कधीचं होतं,' म्हणाले. 'पण दुखण्यात विचारलं असतं तर उपकारापोटी होकार दिला असता तुम्ही. आता तोंड मोकळं आहे. नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा.'

मी हौ म्हटलं.