भावोजींची स्कॉच आणि गुप्तेसाहेबांची जीभ

मुलुंड (पूर्व),
सोमवार

ती. राजारामभावोजींच्या सेवेशी धाकटा मेहुणा नंदकिशोर याचा साष्टांग नमस्कार. (आपले पाय मस्कतला, माझं डोकं मुलुंडला, मधलं अंतर मनाने भरून घ्यावं.) जानकीताईचं पित्त आता कसं आहे? उन्हात आपण टोपी घालता ना? इकडे सगळे बरे. भाऊही बरे, म्हणजे संपानंतर गिरणीने परत बोलावलंच नाही, तेव्हा लालबागची खोली सोडून आमच्याकडे आलेले आपले सासरे दिवसभर गॅलरीत बसतात आणि काही विचारलं तर "बरा आसा" एवढंच म्हणतात. जन्मभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोललेला माणूस असा गप्प झाला की घर खायला उठतं.

तर विषय आपल्या स्कॉचचा. "नंदू, बढती मिळाली की फोड," म्हणून आपण दिली होतीत ती. बढती मिळाली. ज्यांच्या शिफारशीने मिळाली ते गुप्तेसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मग, काय पाजतोस?" माझ्या तोंडून "स्कॉच" निघून गेलं आणि काल दुपारी साहेब जेवायला हजर! स्कॉच कमी पडली तर वाट लागायला नको, म्हणून मी नाक्यावरून इकडचीच एक व्हिस्की वर्तमानपत्रात गुंडाळून आणून ठेवली होती. भाऊंसाठी त्यांची नेहमीची देशी नारिंगी होतीच. पण साहेबांसमोर बसायला ते तयार नव्हते, म्हणून त्यांचं पान स्वयंपाकघरात.

साहेबांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि व्हिस्कीच्या प्रती समजावून दिल्या. पहिली प्रत परदेशातून येते आणि कपाटात राहते. दुसरी मिलिटरी कँटीनची, ती नेहमी कुणाच्या तरी मेहुण्याची असते. (मी स्वतः मेहुणा असून आजवर मला मिळालेली नाही.) तिसरी नाक्यावरची, ती पाहुण्याला देणं म्हणजे, साहेबांच्या मते, अपमान. आणि जिला फळाचं नाव असतं तिच्याबद्दल सभ्य माणसाने बोलूच नये. इथे आतून भाऊ मोठ्याने खोकले. "नंदकिशोर," साहेब ग्लास उजेडात धरून म्हणाले, "ही पहिली प्रत! हिला धुराचा वास असतो बघ, अगदी पुसट." मीही हुंगलं. मला सौ. कुंदाने तळलेल्या बोंबलांचा वास आला, पण बढती ताजी होती. मी मान डोलावली.

एवढ्यात भाऊ ग्लास घेऊन स्वतःच बाहेर आले. साहेबांना "गाव खंयचा?" म्हणाले, शेजारी बसले आणि सुटलेच! गिरणीचा भोंगा, खात्यातलं भजनी मंडळ, मुकादमाची टोपी मागात अडकली ती गंमत... साहेब हसून हसून उचक्या द्यायला लागले. कुंदा दारात उभी राहून डोळे पुसत होती.

साहेब गेल्यावर ती म्हणाली, "अहो, रागावू नका. तुम्ही साहेबांना आणायला स्टेशनवर गेलात ना, तेव्हा मी नाक्यावरची स्कॉचच्या बाटलीत भरली. स्कॉच भाऊंना दिली."

मी म्हणालो, "अगं, साहेबांना कळलं असतं तर?"

"त्यांना बाटली बघूनच चढते. भाऊंनी जन्मभर नारिंगीवर काढली. जावयाने आणलेली एकदा त्यांच्या घशाखाली जायला नको?"

मी भाऊंना विचारलं, कशी वाटली म्हणून. ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "जळक्या सुंभाचो वास रे! पण जावयान इतक्या लांबसून हाडल्यान, म्हणान गप गिळलंय." मग बराच वेळ ताईच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसले.

ताईस नमस्कार. मुलांना गोड पापा.

आपला,
नंदकिशोर

ता. क. : खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं. यंदा गणपतीला दोघंही याच. भाऊ आज सकाळी आपण होऊन म्हणाले, "जानू कधी येतली?"

ता. क. २ : गुप्तेसाहेबांनी "तीच स्कॉच" पुन्हा मागितली आहे, आणि आपल्या बाटलीत कुंदाने मनीप्लांट लावला आहे. तरी येताना फक्त रिकामी बाटली आणावी. भरलेली आणलीत, तर बिचाऱ्या भाऊंना परत प्यावी लागेल.