सुमन खिचडी शिकवतेय

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस झाले, सुमन मला राईस कुकरमधली खिचडी शिकवतेय. तीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. मग आत्ताच का? बिद्रीला भावाकडं कायमची निघाली की काय? शंका डोक्यातून जाईना. आज तांदूळ-मूगडाळ धुताना विचारलंच, "कुठं निघालीस?"

"दवाखान्यात. पोटात गाठ हाय, सोमवारी काढणार हाईत. मी नसताना तुम्ही रोज बाहेरचं तेलकट खाणार, म्हणून शिकवाय लागलोय."

"डॉक्टरकडं एकटीच गेलतीस?"

"व्हय. तुम्ही घाबरला असता की."

रागवायला तोंड उघडलं, पण वाटी हातात धरून पाणी किती घालायचं तेच विसरलो. खिचडीत पाणी शेवटी तिनंच मोजून घातलं.