नाकाच्या शेंड्यावरची सूज

६ तारीख, सोमवार. सकाळी ७.
नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी. वय बेचाळीस. तब्येत अजून तरुण आहे, दुसरं काय! शुक्रवारी शाळेत माझ्या धड्याचं व्हिडिओ शूटिंग: ‘शरीराची संरक्षणयंत्रणा’. जीवशास्त्राच्या शिक्षकाला चार दिवस चिक्कार झाले. संकल्प: हात लावायचा नाही.

संध्याकाळी ६.
हात लावला. फक्त तपासणीसाठी.

७, मंगळवार.
लेक, माझ्याच शाळेत दहावीत, मुरुमांसाठी स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते. दोन महिने तेच मलम. तिला समजावलं, पांढऱ्या पेशी जमल्या की जंतू खलास; आपण फक्त वाट मोकळी करून द्यायची. ती म्हणाली, बाबा, प्लीज दाबू नका. दहावीतल्या मुलांची थिअरी कच्चीच.
दाबली.

८, बुधवार.
नाक बटाट्याएवढं. म्हणजे पेशी जोरात कामाला लागल्यात. बायको म्हणाली, आरशाला तरी सुट्टी द्या. दुर्लक्ष केलं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर अँटिऑक्सिडंट, हे मी दरवर्षी शिकवतो. लिंबात ते भरपूर. लिंबू चोळलं. ओरडलो नाही. शेजारचे काका धावत आले, ते दुसऱ्याच कामासाठी असावेत.

९, गुरुवार.
लेकीला सोबत म्हणून दवाखान्यात गेलो. खुर्चीत मात्र मलाच बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या पेशी जंतूंवर ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. त्यात छिद्राची भिंतही पोळते. ती फुटली की आतलं सगळं आजूबाजूला सांडतं, आणखी पेशी धावून येतात, सूज वाढते. तुम्ही ती भिंत दाबून फोडलीत, वर लिंबाने कातडी भाजलीत. मग विचारलं, काय करता आपण? मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, हेच शिकवतात.
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. सगळे महिने.

१०, शुक्रवार.
मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि वर्गाला विचारलं, दुसरं कोण शिकवेल? लेकीने हात वर केला. ही पोरगी दोन वर्षं वर्गाच्या फोटोला गैरहजर! कॅमेरावाला म्हणाला, गालांवर थोडी पावडर लावू या. ती नको म्हणाली. केस मागे बांधले, डाग-बिग सगळे उघडे ठेवून उभी राहिली. एकदाही अडखळली नाही.
मीही व्हिडिओत आहे. तक्ता धरून. पाठमोरा. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, सर, अगदी स्थिर धरलात हं.