सुतारकाकांचा पहिला शब्द

३ फेब्रुवारी

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनीवाले वीस तारखेला केंद्र बघायला येणार. आवडलं तर तीन वर्षं देणगी, नाहीतर मार्चअखेर कुलूप. "त्यांना पेशंट बोलताना दिसले पाहिजेत. सगळ्यांना एकच शब्द शिकव — आभार."

लकव्याने वाचा गेलेल्या माणसाने पहिला शब्द स्वतः निवडायचा, हा आमचा नियम. ताईंनीच घातलेला! तशी आठवण करून दिली. "नियम पाळायला केंद्र तर उरू दे," म्हणाल्या.

राग घरी येऊन भांड्यांवर काढला.

५ फेब्रुवारी

सुतारकाकांनी "अगं" निवडलाय. काकूंना जन्मभर तीच हाक. दोन महिने घासतोय — "अ" येतो, "गं" घशातच राहतो. आज आरशासमोर बसवून म्हटलं, "काका, थोडे दिवस दुसरा शब्द घेऊ." त्यांनी मान फिरवली. मी हनुवटी धरून परत आरशाकडे वळवली.

हे मी केलं.

९ फेब्रुवारी

आभार, आभार, आभार. डोकं उठलंय.

१४ फेब्रुवारी

काकांना जमला. पण आता काहीही म्हणायला गेले तरी तोच बाहेर पडतो. काकू हसत होत्या. "आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानलेत कधी? पाणी दिलं तरी आभार, चादर ओढली तरी आभार. पाहुणे आल्यासारखं वाटतं हो."

वीस तारीख झाली की लगेच "अगं" घेऊ, असं काकांना कबूल केलं.

२० फेब्रुवारी

काका कॅमेऱ्यासमोर स्वच्छ बोलले. कंपनीच्या बाईंनी डोळे पुसले. देणगी मंजूर! ताई माझ्या गळ्यात पडून रडल्या.

मग अट कळली. वर्षाला साठ पेशंट, प्रत्येकाचा व्हिडिओ. म्हणजे एकेकाला रोज जेमतेम दहा मिनिटं. "अगं"ला वेळ कुठून आणू? नोकरी सोडावी, तर आत्ताचे अकरा जण कुणाच्या तोंडाकडे बघणार? इकडे आड, तिकडे विहीर.

२३ फेब्रुवारी

काकू आल्या. एकट्याच. काका काल गेले.

"मी मागे कपडे वाळत घालत होते. हे आतून सारखं आभार, आभार. मी म्हटलं, पुरे हो, कळलं. बादली रिकामी करून आत आले, तर खुर्चीतून खाली पडलेले."

मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "जाताना माझे आभार मानून गेले, नाही का?"

मी हो म्हटलं.