बास झालं

१४ डिसेंबर, मु. ईट

महिनाभर वही उघडली नाही, चुकलंच. आज आमच्या प्रौढ वर्गात परदेशी शिक्षण खात्याचे पाहुणे आले होते. दुभाषी मीच. साठीच्या कौसाबाईंना त्यांनी विचारलं, पुढं काय शिकणार? त्या म्हणाल्या, "शिकणं बास झालं. आता मला शिकवू द्या."

पाहुणे आलेले दोन देशांच्या 'आजीवन शिक्षण' अहवालासाठी; त्यात 'बास' कसं चालेल? मी सांगून टाकलं, "यांना आयुष्यभर शिकायचंय." टाळ्या पडल्या.

कौसाबाईंनी मला दारात गाठलं. "सर, टाळ्या वाजविल्या म्हंजी व्हय म्हणले न्हवं? मग कवापासून शिकवू?"

मी नुसता हसलो. का हसलो? त्या टाळ्या अजून कानात आहेत.

उद्या: कौसाबाईंचं खरं वाक्य त्यांच्याच हातानं लिहून घेऊन पाहुण्यांना पाठवायचं.