जिन्याखालची लाल टाकी

३ डिसेंबर
ऊन फुकट, म्हणून सोलर बसवला. त्या फुकटाची आजवरची खरी किंमत: दोन गार अंघोळी, एक सर्दी, छपरावरून उडालेली चप्पल आणि ‘माझ्या भावाकडे गीझर आहे’ हे बायकोचं वाक्य. चप्पल सापडली. वाक्य अजून घरभर फिरतंय.

जिन्याखालच्या प्रेशर गेजचा काटा सकाळी दोनवर हवा. दीडवर दिसतो. बायको म्हणते, दोन दिवस ढग आहेत म्हणून पाणी गार. ढगांचा आणि काट्याचा काय संबंध? सोलर कंपनीला फोन केला, तिथली बाई प्लंबर पाठवते म्हणाली. सांगितलं तिला, तीस वर्षं टायरचं दुकान चालवलंय, चाकाला टिचकी मारून हवा किती ते सांगतो. मला प्रेशर शिकवता?

१५ला लेक सहा महिन्यांच्या नातीला घेऊन महिनाभर येतेय. त्याआधी काटा दोनवर. ठरलं.

४ डिसेंबर
मॅन्युअल वाचलं. दीड पान. गेजशेजारच्या कलिंगडाएवढ्या लाल टाकीत अर्धी हवा असते. तापलेलं पाणी फुगलं की ती दबते आणि जागा करून देते. टाकीच्या बुडाला बघतो तर काय, टायरला असतो तस्सा वाल्व! जुना दोस्त भेटल्यासारखं झालं. नखाने पिन दाबली. फुस्स! भरदार आवाज. टाकी निर्दोष. रोज सकाळी तपासणार.

६ डिसेंबर
टाकी: फुस्स. उत्तम.
बाकी सगळा चोरबाजार. काटा एकवर होता, भरणीचा नळ सोडून आत पाणी घेतलं आणि दोनवर आणला. दुपारी ऊन चढलं तसा काटा लाल पट्ट्यात, आणि सेफ्टी वाल्व बादलीभर कढत पाणी थुंकला. संध्याकाळी काटा अर्ध्यावर, पाणी फिरवणारा पंप नुसता गुरगुरतोय, नळाला गार पाणी. शी! असलं नाठाळ जनावर कुणी विकत घेतं का?

८ डिसेंबर
नवा गेज बसवला. तोही तेच दाखवतो. दोघे एकाच कारखान्यातले खोटारडे. बायको म्हणाली की दोन साक्षीदार एकच सांगत असतील तर आरोपी तिसराच कुणीतरी असेल. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी टाकीकडे बघितलं.
टाकी: फुस्स.

११ डिसेंबर
मेहुणा आला. खिशात हात घालून जिन्याखाली उभा. म्हणे, भावजी, आमच्याकडे बटण दाबलं की झालं. वर विचारतो, त्या टाकीला रोज बोट कशाला लावता? ज्याला स्टेपनी बदलायला माणूस लागतो, त्याने हे विचारावं! चीड आली.
टाकी: फुस्. थंडीने आवाज बसला असणार.

१३ डिसेंबर
टाकी आज काहीच बोलली नाही. म्हणजे गळतीसुद्धा नाही. शांतता हे तब्येतीचं लक्षण.
दुपारी सेफ्टी वाल्व दोन बादल्या थुंकला. त्यातलं थोडं माझ्या अंगठ्यावर.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
बायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात लेकीशी फोनवर. माझे कान तिखट. लेक सांगत होती की बाळाला रोज अंघोळ लागते, सोलर चालू नसेल तर ती सरळ मामाकडे उतरेल. मी इथूनच ओरडलो, उद्यापर्यंत दुरुस्त!
नंतर बायकोने प्लंबरला फोन केला. माझ्यासमोर.

१५ डिसेंबर
लेक मामाकडे उतरली. नात कोमट पाण्याने अंघोळ करून तिथेच झोपली. बॅगा उघडल्यात म्हणे, आता महिनाभर कुठे हलवत बसायचं.

दुपारी प्लंबर आला. कामभर शिट्टी वाजवणारा, तीही बेसूर. त्याने विचारलं की या टाकीला कोण हात लावत होतं. बायको नुसती बाजूला सरकली. मग मी दिसलो.

त्याचं म्हणणं: दर वेळी पिन दाबली की थोडी हवा जाते. हवा गेली की फुगलेल्या पाण्याला जागा नाही. मग वाल्व थुंकणार आणि गार झाल्यावर काटा पडणार. आणि थंडीत सकाळी काटा दीडवर असतो, तो बरोबरच होता. पाणी गार होतं, कारण ते दोन दिवस ढग होते.

टाकीतली हवा त्याने मोजली. शून्य. भरायला हवेचा पंप मागितला.

घरात पंप नव्हता. मेहुण्याकडून आणला.