निहारिकाचं चौथं गाणं

९ एप्रिल, बुधवार

आला एकदाचा निहारिकाचा अल्बम! आठ गाणी. शब्द तिचे, चाल तिची, गिटारही तीच वाजवते. कुठल्या कंपनीचं नाव नाही, काही नाही. धाकटी बहीण पंचेचाळिसाव्या वर्षी पुण्यात बसून हे करते – फ्रीगंजच्या आमच्या बँकेच्या शाखेत मी सगळ्यांना लिंक पाठवली, कॅशियरलासुद्धा.

तीन ऐकली. बरी आहेत. चौथ्याचं नाव 'गहू निवडताना'. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

१० एप्रिल

चौथं ऐकलं. आज लिहवत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

राग आलाय. हो, राग!

गाण्यात उन्हाळ्याची दुपार आहे. माधव नगरचं आमचं जुनं घर. आई परातीत सरबती गहू निवडतेय, परातीच्या काठावर बांगडी वाजतेय, ती मधूनच गुणगुणतेय. सगळं खरं. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्याचा वाससुद्धा! पण आईच्या समोर कोण बसलंय? तर म्हणे, 'मी'.

अगं, तू कुठली! तू चार वर्षांची, आतल्या खोलीत अंगठा चोखत झोपलेली. समोर मी होते. खडे मी वेचत होते. सोळा वर्षांची होते, मला चांगलं आठवतं. त्याच पावसाळ्यात आई गेली आणि पुढे दहा वर्षं हिच्या वेण्या मीच घातल्या. काय चुळबुळ करायची! एक भांग सरळ पडेल तर शपथ.

त्याचं गाण्यात काही नाही. नसू दे. पण आईच्या त्या दुपारी तेवढ्या माझ्या होत्या. त्याही हिने नेल्या.

फोन केला नाही. पुढच्या शनिवारी येणारच आहे, इथे कार्यक्रम आहे तिचा. तेव्हा विचारीन.

१३ एप्रिल, रविवार

इंदूरहून अक्काचा फोन. आमची आत्या ती. रडतच होती. "मधुरा, मला तर एकदम वहिनीच दिसली गं!"

स्नेहाचं वेगळंच. "मम्मी, मावशीचं अच्छं आहे, पण सगळंच स्लो आहे. झोप येऊन राहिली." माझीच मुलगी! तिच्या बाबांना, अनिलना, पहिलं गाणं आवडलं, त्यात टॉवर चौकातली कुल्फी आहे म्हणून. चौथं लागलं तेव्हा साहेब पेपरात. शेजारचे दुबेजी गेटवरूनच म्हणाले, "भाभीजी, बढ़िया है. बस, थोड़ा ढोलक और होना था."

तुम्हाला कसं वाटलं, असं दुबेजींनीच विचारलं. मी म्हटलं, अच्छा है. आणि आत आले.

१५ एप्रिल, मंगळवार

आज भय्यासाहेबांना ऐकवलं. वडील एकोणनव्वदचे, आमच्याकडेच असतात. इतके दिवस मीच टाळत होते. वाटलं, हे तरी म्हणतील – समोर तर मधू बसायची.

कानात यंत्र घालून पूर्ण ऐकलं. शेवटी निहारिका नुसतं तोंड मिटून गुणगुणते, ते संपेपर्यंत डोळे मिटून होते. मग म्हणाले, "ही तुझी आई नाही. तिला सूर कुठे धरता यायचा! ये तो तू है, मधू."

आवाज निहारिकाचा, गाणं आईवरचं आणि म्हणे मी! वय झालं त्यांचं. यंत्राचे सेल बदलले.

१८ एप्रिल, शुक्रवार

उद्या येतेय. भांडायचं नाही, असं ठरवलंय. फक्त एवढंच विचारायचं – त्या दुपारी मी कुठे होते गं?

चक्का टांगलाय. तिला श्रीखंड लागतं. राग आहे म्हणून बहिणीला उपाशी थोडीच ठेवायची!

१९ एप्रिल, शनिवार

विचारलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, मला आई आठवतच नाही. चेहरासुद्धा फोटोतलाच. मी हलू नये म्हणून वेणी घालताना तू रोज ती दुपार सांगायचीस ना? ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, मीच बसले होते तिथे. आणि ते शेवटचं गुणगुणणं... ते तर तुझंच आहे. रिबीन दातात धरून करायचीस."

भय्यासाहेबांच्या यंत्राचे सेल उगाच बदलले.